सुटली की सोडली?

"मॅडम, सायकल स्टार्टचं बटण मी दाबतोय असं मला वाटतंय. पण खरं दाबतंय कोण?"

खुर्चीला पाठ टेकायच्या आधीच त्यानं हे विचारलं. वय चोवीस, मेकॅनिकलचा डिप्लोमा, शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर काम. मान जाड, कानाच्या पाळ्या मोडून घट्ट झालेल्या. असे कान दिसले की आमच्या कोल्हापुरात आडनावाच्या आधी तालीम विचारतात. मी विचारली नाही. ती माझी चूक होती, पण त्याबद्दल पुढं.

त्याला सुजित म्हणू. नाव बदललंय, घरचा तपशील थोडा इकडचा तिकडं केलाय, आणि लिहायच्या आधी त्याची परवानगी घेतली आहे. हे लिहायचं कारण असं की राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पूर्वी असला प्रश्न क्वचित यायचा. लग्न जमत नाही, परीक्षा निघत नाही, नवरा पितो, पोरगं ऐकत नाही, हे आमचं रोजचं. हल्ली मात्र विशीतली मुलं येतात आणि विचारतात: मी जे ठरवतो ते मी ठरवतो का? की मीही एक प्रोग्रॅमच आहे?

सुजितला तीन महिने धड झोप नव्हती. पाळी आठवड्याला बदलायची. नाईट करून सकाळी घरी आला की पडल्या पडल्या दुपारपर्यंत मोबाइल. त्यात कधीतरी मेंदू आणि इच्छास्वातंत्र्यावरचे व्हिडिओ समोर यायला लागले. एकात सांगितलं होतं, की माणूस हात हलवायचं ठरवतो त्याच्या आधीच मेंदूत त्याची तयारी सुरू झालेली असते आणि 'मी ठरवलं' हे मागाहून वाटतं. दुसऱ्या दिवशी कामावर त्यानं जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) क्लॅम्प केला, दार लावलं, बटणाकडं बोट नेलं, आणि ते बोट त्याला दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं. त्या दिवसापासून ते गेलं नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर मित्रांबरोबर बसला तर भेळ खाणारी, फिरणारी माणसं काचेपलीकडची वाटायची.

"प्रोग्रॅममध्ये एम थर्टी आला की सायकल संपते आणि परत पहिल्या ओळीवर जाऊन थांबते," तो म्हणाला. "माझं पण तसंच झाल्यासारखं वाटतंय मॅडम. सकाळी उठलो की पहिली ओळ."

त्याची आई बाहेर बसली होती. आत पाठवताना तिनं एवढंच सांगितलं होतं, "ताई, पोरगं जेवतंय, कामाला जातंय, पण घरात नसल्यासारखं हाय. जरा बघा की वो."

स्वतःपासून किंवा भोवतालापासून तुटल्यासारखं वाटण्याला आमच्या क्षेत्रात डीपर्सनलायझेशन आणि डीरिअलायझेशन म्हणतात. जागरण, सततची काळजी, जोराची घाबरगुंडी, गांजा, यांतून ते होऊ शकतं. थोड्या वेळापुरतं पुष्कळ माणसांना कधी ना कधी होतं आणि जातं. यंत्रमानव झाल्यासारखं वाटतंय, असं सांगणारे बरेच असतात. यात एक खूण मी नेहमी बघते: त्या माणसाचा 'सारखं' हा शब्द सुटलेला नसतो. सुजितचाही सुटला नव्हता. कुणी ठामपणे सांगायला लागलं की बाहेरून कुणीतरी माझे हातपाय चालवतंय, माझ्या डोक्यात विचार घालतंय, तर ते प्रकरण निराळं. तिथं आम्ही समुपदेशकांनी शहाणपणा करू नये, मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवावं. जीव नकोसा होतो का, हेही मी त्याला आडवळण न घेता विचारलं. (असं विचारल्यानं नसलेला विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. घरच्यांनीही विचारायला घाबरू नये.) "न्हाई वो, तसलं काय न्हाई," म्हणाला. तरी एकदा तज्ज्ञांकडून तपासून घेतलं. गोळ्यांची गरज त्यांना वाटली नाही.

मग मी माझी ठरलेली यादी दिली. झोपायच्या आधी मोबाइल लांब, नाईटच्या आठवड्यात खोलीला जाड पडदे, चहा दिवसाला दोन, आणि 'माझा हात खरा आहे का' हे तपासत बसायचं नाही, कारण दुखऱ्या दाताला जीभ लावत राहावं तसं ते होतं, जितकं तपासाल तितकं ठसठसतं. व्हिडिओ अर्थातच बंद. सुजितनं मान हलवली, पैसे दिले आणि तीन आठवडे फिरकला नाही.

परत आला तो तावातावानं. झोप सुधारली होती. काचेपलीकडचं वाटणं कमी झालं होतं. पण म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला झोप कशी घ्यायची ते सांगितलं. मी प्रश्न विचारलावता, त्याचं काय?"

बरोबर होतं त्याचं. रात्री दोनला एखाद्याला 'देव आहे का' असा प्रश्न पडला तर तो जागरणामुळं पडला असेल, पण जागरणामुळं पडला म्हणून प्रश्न खोटा होत नाही. आमच्या धंद्यात ही एक वाईट खोड आहे: माणूस प्रश्न घेऊन येतो आणि आम्ही त्यातलं लक्षण तेवढं उचलतो. मी त्याला तसं सांगितलं आणि एका आठवड्याची मुदत मागून घेतली. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक स्नेही आहेत, त्यांच्याकडं दोन संध्याकाळी जाऊन बसले. बरंच नव्यानं वाचलं.

व्हिडिओतला तो प्रयोग अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा, १९८३ साली प्रसिद्ध झालेला. माणसाला बसवायचं, डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, समोर घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यावर २.५६ सेकंदांत एक फेरी मारणारा ठिपका. वाटेल तेव्हा मनगट हलवायचं, आणि 'हलवावं' असं वाटलं त्या क्षणी ठिपका कुठं होता ते लक्षात ठेवून सांगायचं. निघालं असं, की मनगट हलण्याच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी मेंदूत तयारीची विद्युतलहर चढायला लागते, आणि 'हलवावं' असं वाटल्याची नोंद मात्र जेमतेम २०० मिलिसेकंद आधीची असते. मधला तिसरा हिस्सा सेकंद कुणाचा, यावर चाळीस वर्षं वाद चालू आहे.

बहुतेक व्हिडिओ इथंच संपतात. लिबेट यांचं म्हणणं इथं संपत नव्हतं. सुरुवात नकळत झाली तरी शेवटच्या टप्प्यात माणूस ती हालचाल रोखू शकतो, असं ते म्हणत. आणि २०१२ मध्ये आरन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या लहरीचाच निराळा अर्थ लावून दाखवला. मेंदूत कायम बारीक चढउतार चालू असतात. हलवण्याचं खास कारण नसताना 'वाटेल तेव्हा हलव' म्हटलं, की त्यांतला एखादा चढ उंबरठा ओलांडतो आणि हात हलतो. आपण हालचालीच्या क्षणापासून मागं मोजत अशा अनेक नोंदींची सरासरी काढतो, म्हणून तो चढ आधीच घेऊन ठेवलेल्या निर्णयासारखा दिसतो.

हे सगळं मी सुजितला सांगितलं. त्यानं ड्रॉइंग वाचावं तसं लक्ष देऊन ऐकलं, पण चेहरा हलला नाही. मग मला पहिल्या दिवशी न विचारलेला प्रश्न आठवला.

"कुठल्या तालमीत होतास?"

त्यानं पेठेतलं नाव सांगितलं. नवव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत. मग गुडघा गेला आणि तालीम सुटली. मी कधी जोर काढलेला नाही, पण शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान ज्या गावात आहे तिथं डावांची नावं कानावर पडतातच.

"ढाक लावतोस तेव्हा आधी मनात ठरवतोस?"

"ठरवून कुठं लागतीय मॅडम!" पहिल्यांदाच तो खुर्चीत पुढं सरकला. "ठरवलं की उशीर झाला. समोरच्याचं वजन पुढच्या पायावर आलं की अंगच आत जातं. लागल्यावर कळतं, लागली म्हणून."

"म्हणजे डाव तू मारलाच नाहीस. तुला तर मागनं कळलं."

"मग काय शेजाऱ्यानं मारला?" तो चिडला. "अकरा वर्षं माती खाल्ली मी. वस्तादांनी तोच डाव रोज पन्नास वेळा काढून घेतलाय."

मी गप्प राहिले. त्यालाच ऐकू गेलं असावं आपण काय बोललो ते.

थोड्या वेळानं मी विचारलं, "जोडीदाराचा खांदा अडकला, तो ओरडला, तर काय करतोस?"

"सोडतो."

"विचार करून?"

"हात सुटतोच." मग जरा आठवून, "पहिल्या वर्षी नव्हता सुटत. वस्तादांनी पाठीत काठी घातली तवा सुटायला लागला."

आपली इच्छा आपण त्या तिसऱ्या हिश्श्याच्या सेकंदात शोधायला जातो आणि तिथं ती सापडली नाही की घाबरतो, असं मला दिवसेंदिवस वाटायला लागलंय. रोजच्या पन्नास ढाका कुणी मोजल्या, चुकल्यावर परत हौद्यात कोण उतरलं, हे घड्याळाच्या तबकडीवर कसं दिसावं? सुजितला मी हे बोलून दाखवलं. त्यानं लगेच खोडून काढलं.

"मॅडम, पहाटं चारला उठायचं पण मी कुठं ठरवलंवतं? आण्णांनी ठरवलंवतं."

आण्णा म्हणजे त्याचे वडील. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि त्या दिवशी त्याला हात लावला नाही.

पुढच्या वेळी विषय निघाला चॅटबॉटचा. नाईट नसली की हा रात्री दोनपर्यंत त्याच्याशी बोलायचा. एकदा विचारलं, तुला आत काही वाटतं का? त्यानं इतकं समजूतदार उत्तर दिलं की सुजितला घाम फुटला. त्याचा हिशोब साधा होता: आत कुणी नसताना हे एवढं छान बोलतंय, म्हणजे छान बोलायला आत कुणी लागत नाही, म्हणजे माझ्याही आत कुणी नसेल.

मला हसू आलं, कारण या गोष्टीत आमच्या धंद्याचा जुना संबंध आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत एमआयटीतले जोसेफ वायझेनबाऊम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला सोंग दिलं ते समुपदेशकाचं! आम्ही रुग्णाचंच वाक्य फिरवून प्रश्न करतो ना, तेवढंच त्याला येत होतं. 'आई मला समजून घेत नाही' असं टाइप केलं की 'घरातल्या आणखी कुणाबद्दल सांगा' असं काहीतरी यायचं. वायझेनबाऊम यांची सेक्रेटरी, जिनं हा प्रोग्रॅम तयार होताना डोळ्यांनी पाहिला होता, तीच थोडं टाइप केल्यावर त्यांना म्हणाली, जरा खोलीबाहेर जाता का? तिला एकांत हवा होता. यंत्रात माणूस नव्हता. पण तिच्यात होता आणि तिनं तो तिकडं बसवला.

"स्टँडवर 'गाडी फलाटावर लागत आहे' असं लाउडस्पीकर बोलतो," मी म्हटलं. "त्याच्या आत बाई बसलेली नसते. म्हणून घरात आई हाक मारते तेव्हा आत कुणी नाही असं होतं का?"

"स्पीकर उलटं उत्तर देत न्हाई मॅडम. हे देतंय."

हेही बरोबर. आजचे चॅटबॉट एलायझापेक्षा फार पुढचे आहेत आणि माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर तयार झालेले आहेत. गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये 'यंत्र विचार करू शकेल का' हा प्रश्न बाजूला ठेवून त्याऐवजी कसोटी सुचवली ती संभाषणाचीच: पलीकडं माणूस आहे की यंत्र हे बोलण्यावरून ओळखता येतं का? पण त्यांनीही जाणिवेचं गूढ सुटलं असा दावा केला नव्हता. बोलण्याची परीक्षा वेगळी आणि वाटण्याची वेगळी. चॅटबॉटच्या आत काय आहे ते आपण त्याच्या बोलण्यावरून ताडतो. पण सुजितचा गुडघा थंडीत दुखतो हे सुजितला स्वतःच्या बोलण्यावरून ताडावं लागत नाही. तो दुखतो. संपलं.

(रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलंच तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरावर चोवीस तास असते, तिथं पलीकडं माणूस असतो, हेही सांगितलं. त्यानं नंबर सेव्ह केला. लावला नाही बहुतेक.)

मन हे यंत्रच आहे की त्याहून काही जास्त, यावर त्याला माझ्याकडून निकाल हवा होता. तो कुणाकडंच नाही. लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञानं १७१४ मध्ये म्हटलं होतं: मेंदू गिरणीएवढा मोठा करून आत हिंडलात तरी एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील, 'वाटणं' कुठं दिसणार नाही. १९९५ मध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी त्यालाच जाणिवेचा 'अवघड प्रश्न' असं नाव दिलं. उलट बाजूला आपले चार्वाक. पिठाला आंबवलं की त्याच्यात नशा येते, सुट्या घटकांत ती नसते, तशी चार महाभूतांच्या मिश्रणातून जाणीव येते, असं ते म्हणत. वेगळा आत्मा कशाला हवा? दोन्हींकडं दम आहे. मी स्वतः चार्वाकांच्या बाजूला झुकते, पण लायब्निझची गिरणी मला झोपू देत नाही.

सुजितला मी एवढंच विचारलं, "शंभर जॉब रिजेक्ट झाले तर मशीनला काय होतं?"

"मशीनला काय व्हतंय? सुपरवायझरला व्हतंय."

"आणि तुला?"

"रात्री जेवण जात न्हाई."

"मग तू यंत्र असलास तरी त्या व्हीएमसीच्या जातीचा नाहीस. एवढं तरी कबूल?"

तो हसला. चार भेटींत पहिल्यांदा.

पाचव्या वेळी आई आत येऊन बसली. तिला हे सगळं खूळ वाटत होतं. "ताई, सटवाईनं सहाव्या दिवशी लिवलेलं कुणाला चुकलंय? त्याचा एवढा इचार कशाला करायचा?"

सुजित माझ्याकडं वळला. "बघा. आईपण तेच म्हणतीय. फक्त शास्त्रज्ञांच्या जागी सटवाई."

नेमकं इथंच माझ्याकडं येणारी बहुतेक मुलं अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. 'सगळ्याला कारण असतं' आणि 'काही केलं तरी व्हायचं तेच होणार' ही दोन वाक्यं कानाला सारखी लागतात. ती एक नाहीत. मी सुजितला त्याच्याच भाषेत (टूल ऑफसेट म्हणजे मशीनमध्ये भरलेलं हत्याराचं माप, बोअर म्हणजे कोरलेलं भोक) म्हटलं, "टूल ऑफसेट चुकीचा भरलास तर बोअर मोठा जाणार. याला कारण म्हणायचं. आता समज, ऑफसेट काहीही भर, बरोबर भर, चुकीचा भर, तरी बोअर मोठाच जाणार. याला नशीब म्हणायचं. तुझ्या शॉपमध्ये यांतलं काय चालतं?"

"पहिलं." पट्कन म्हणाला. मग हळू, "दुसरं असतं तर आमची गरजच नव्हती."

बुद्धाच्या काळात आजीवक पंथाचा मक्खली गोशाल होऊन गेला. त्याचं मत विरोधकांनी लिहून ठेवलंय ते असं: सुताचा गुंडा फेकला की सूत संपेस्तोवर उलगडत जातो, तसे मूर्ख आणि शहाणे सारखेच आपापले फेरे पुरे करतात, पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, नावाची गोष्ट नाही. ग्रीक लोकांतही असाच युक्तिवाद होता: बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला न बोलावला सारखंच. त्यावर क्रिसिपस या तत्त्वज्ञानं उत्तर दिलं, की बरं होणं जर ठरलेलं असेल तर वैद्य बोलावणंही त्याच ठरण्यातला भाग आहे, ते वगळून बरं होणं येत नाही. म्हणजे मेंदूची लहर आधी उठो, संस्कार आधी असोत, जनुकं आधी असोत, त्या साखळीत आपलं विचार करणं ही एक कडी आहेच. ती काढली तर पुढचं सगळं बदलतं.

स्नेह्यांनी दाखवलेली एक जागा मी त्या माउलीसाठी ठेवली होती. तिला गीतेचा अठरावा अध्याय पाठ होता. त्यातल्या ६१व्या श्लोकात भगवंत सांगतात की ईश्वर सगळ्या प्राणिमात्रांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो. शब्दच आहे 'यन्त्रारूढानि'. आणि मध्ये एकच श्लोक सोडून ६३व्यात तेच भगवंत अर्जुनाला म्हणतात, याचा पुरता विचार कर, आणि 'यथेच्छसि तथा कुरु'. तुला हवं तसं कर.

आई गप्प झाली. मग म्हणाली, "रोज म्हणतोय, पर हे दोन्ही शेजारी हाईत हे ध्यानात न्हाई आलं कधी."

तिला बाहेर पाठवून मी सुजितला विचारलं. वहीतलं वाक्य समोर होतंच. "समज, उद्या पक्कं सिद्ध झालं की तुझं काहीच तुझ्या हातात नव्हतं. तर कुठल्या एका गोष्टीचं ओझं आधी उतरेल?"

बराच वेळ तो पंख्याकडं बघत होता. मग म्हणाला, "तालीम."

गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं, ऑपरेशन झालं होतं, हे खरं. पण डॉक्टरांनी नऊ महिन्यांनी सांगितलं होतं, आता हळूहळू सुरू कर. त्या वेळी आण्णा बरोबर नव्हते. घरी येऊन त्यानं सांगितलं, डॉक्टरांनी कुस्ती कायमची बंद केली. का सांगितलं? कंटाळा आला होता. भीती वाटत होती. बरोबरीची पोरं डिप्लोमा करून कमवायला लागली होती. आणि त्याच्या खुराकासाठी आण्णांनी एक म्हैस राखून ठेवली होती, तिचं दूध अकरा वर्षं डेअरीला गेलं नव्हतं. 'मला नको' हे त्या म्हशीसमोर म्हणायची त्याची छाती झाली नाही. तेव्हापासून चार वर्षं, प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत आण्णा सांगत आलेत: "डाक्टरनं बंद केली, न्हाईतर आमचं पोरगं कुठल्या कुठं गेलं असतं." आणि हा शेजारी पत्रावळीकडं बघत बसतो.

मग मला एक जाणवलं आणि मी ते त्याला दाखवलं. पाच भेटींत तो दर वेळी 'तालीम सुटली' म्हणाला होता. आपल्या मराठीत ही सोय फार बारीक आहे. कप फुटला, कप फोडला. गाडी चुकली, गाडी चुकवली. दूध सांडलं, सांडवलं. पोरं भाषा शिकता शिकताच ही सोय शिकतात आणि मोठेपणी आपण तिच्यात राहायला जातो. सुजितला त्या व्हिडिओंनी घाबरवलं होतं हे खरं, पण त्यांनीच त्याला 'सुटली' या शब्दाला शास्त्राचा शिक्काही देऊन टाकला होता. म्हणून तो प्रश्न त्याला सोडवतही नव्हता आणि सोडतही नव्हता.

"मग सोडली म्हणायचं?" त्यानं विचारलं. "वीस वर्षांचा होतो मी. भ्यालो होतो."

"भ्यालास हे कारण आहे. खोटं नाही. पण भ्यालेल्या माणसानंच सोडली ना?"

काय करायचं ते मी सांगितलं नाही. आण्णांना सांग, असंही नाही. अशा वेळी समुपदेशकाच्या तोंडाला फार खाज सुटते, पण गप्प बसायचं.

तीन आठवड्यांनी आला तेव्हा सांगून आला होता. संध्याकाळी गोठ्यात, आण्णा धार काढत असताना. आण्णांनी मान वर केली नाही, धार थांबवली नाही, बादली उचलून घरात गेले. पुढं अकरा दिवस बोलले नाहीत. आईनं दोघांची ताटं वेगळ्या वेळी वाढली. त्या अकरा दिवसांत सुजितला दोनदा परत ते काचेचं वाटणं आलं, आणि गेलं. तत्त्वज्ञानानं पोरगं बरं झालं असं मी म्हणणार नाही. झोप लागायला लागली होती, सुपरवायझरनं महिनाभर नाईट टाळून दिली होती, रात्रीचा मोबाइल आईच्या उशाशी जात होता. कशानं किती फरक पडला हे कुणी मोजू नये.

"मग बोलले कधी?"

"बोलले न्हाईत अजून सरळ. पण रविवारी पावण्यांच्यात लग्न होतं. पंगतीत एकानं विचारलं, पोराची कुस्ती का बंद झाली वो? मी पानाकडं बघत बसलोतो. आण्णा म्हणाले..." तो थांबला. "म्हणाले, 'त्यानं सोडली.' एवढंच. आणि भात मागितला."

"तुला कसं वाटलं?"

"वाईट वाटलं." बोटानं मोडका कान चोळत तो जरा वेळ बसला. "लई वाईट वाटलं मॅडम. पण मलाच वाटलं."

घड्याळात सव्वादोन वाजले होते. तीनची सेकंड शिफ्ट होती. हेल्मेट उचलून तो निघाला.